डावीकडची रुंद बॉर्डर

"डावीकडून बॉर्डर जरा रुंद घ्या, दिगूभाऊ," भागवतराव म्हणाले.

"किती रुंद?"

"हात झाकला जाईल एवढी."

माझं लक्ष स्क्रीनवर होतं. फोटो त्यांच्या बायकोचा, उज्ज्वलावहिनींचा. आठ दिवसांपूर्वी शेतातल्या विहिरीवर पाय घसरून त्या गेल्या होत्या आणि तेराव्याला मांडायला भागवतरावांना फोटो हवा होता. तो मीच काढलेला होता, माझ्याच स्टुडिओत, त्या जायच्या आठ दिवस आधी. त्या एकट्याच आल्या होत्या आणि प्रती न्यायला परत फिरकल्याच नाहीत. त्यांच्या ट्रंकेत, साडीच्या घडीत पावती सापडली, ती घेऊन भागवतराव आले होते. म्हणजे हा फोटो ते पहिल्यांदाच पाहत होते.

फोटोत वहिनींनी डोक्यावरचा पदर उजव्या हातानं धरला होता. बांगड्या कोपराकडे घसरल्या होत्या आणि मनगट वळवून हाताची आतली बाजू कॅमेऱ्याकडे केलेली होती. तिथं तीन काळसर डाग होते, एकाखाली एक. चुलीपुढं राबणाऱ्या बाईच्या हाताला डाग असायचेच, असं मी धरून चाललो होतो.

"डागांचं म्हणत असाल तर ते मी पुसून देतो," मी म्हणालो. "दोन मिनिटांचं काम आहे. त्यासाठी एवढी बॉर्डर कशाला?"

"नको. हातच नको. तोंड तेवढं दिसू द्या."

"एका बाजूनं रुंद घेतली तर फोटोचा तोल जातो, भागवतराव."

"ते तुम्ही सांभाळाल. तुम्ही कलाकार माणूस."

एवढं पुरे होतं. मला कुणी कलाकार म्हटलं की माझी मान ताठ व्हायची. फोटो काय, कुणीही काढतं, हल्ली तर मोबाईलवर म्हशीही काढतील. पण बॉर्डर द्यायला नजर लागते, असं मी येईल त्याला ऐकवायचो. आमच्या तालुक्याच्या गावात लग्नाचे अल्बम, बारशाचे कोलाज, वाढदिवसाचे बोर्ड, श्रद्धांजलीचे फोटो, सगळ्यांना माझ्याच हातची चौकट लागायची. आणि माझा एक नियम होता. बॉर्डर बसवण्यासाठी मी फोटो कधी कापायचो नाही. फोटो पूर्ण खाली ठेवायचा आणि बॉर्डर त्याच्यावर, वेगळ्या लेयरवर, म्हणजे वेगळ्या थरात. कापलेला फोटो म्हणजे कापलेलं बोट, ते पुन्हा जोडता येत नाही, हे माझं नेहमीचं वाक्य होतं.

त्या दिवशी मी चांगला तासभर खपलो. डावीकडे झेंडूच्या माळेचा जाड पट्टा वरून खालपर्यंत सोडला, खाली समईची ज्योत ठेवली, उजवीकडे नुसती बारीक सोनेरी रेघ. तोल साधला. इतका साधला की मी खुर्ची मागं घेऊन स्वतःच पाहत बसलो. वहिनींचा चेहरा त्या माळेच्या आडून डोकावल्यासारखा दिसत होता.

भागवतराव मात्र चौकटीकडे पाहत नव्हते. "पहिला जो फोटो होता, बिनाबॉर्डरचा, तो कुठंय?"

"हा काय." मी फाईल दाखवली. "आणि त्याच्या दोन प्रती धुवून तयार आहेत पाकिटात."

"पाकीट द्या इकडं. आणि कॉम्प्युटरमधला काढून टाका. बघवत न्हाई."

मी त्यांच्यासमोर फाईल डिलीट केली. त्यांनी ती जाताना पाहिली, पाकीट खिशात घातलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथं होता. बी-बियाण्यांचं मोठं दुकान, बाजार समितीत ऊठबस, वर्षाला माझ्याकडून पन्नासेक बोर्ड छापून घेणारा माणूस. मला त्यांच्या दुःखाचं वाईट वाटलं. बॉर्डरची फाईल मी ठेवली, ती मी नेहमीच ठेवायचो. तिच्यात खालच्या लेयरवर आख्खा फोटो होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मला सांगायचं सुचलं नाही.

त्या फोटोच्या दहा-बारा प्रती पाहुण्यांत वाटल्या गेल्या. लोकांना ती चौकट भलतीच आवडली. "भागवतरावांच्या मंडळीला केली तशी करा," असं सांगत गिऱ्हाइकं यायला लागली. पुढच्या दोन वर्षांत गावात कुणीही गेलं तरी बोर्डावर बॉर्डर डावीकडून रुंद असायची. शेजारच्या गावचे स्टुडिओवालेही तशीच करायला लागले आणि मी चहाच्या टपरीवर सांगायचो की ही कल्पना मूळ माझी.

तीन वर्षं गेली. मे महिन्यात सकाळी अकराच्या सुमाराला भागवतरावांची आई, काशीबाई, स्टुडिओच्या पायऱ्या चढून आल्या. मागं त्यांची नवी सून होती, अरुणा. भागवतरावांनी फाल्गुनात दुसरं लग्न केलं होतं आणि त्याचा अल्बम माझ्याकडे रखडला होता.

"काय रं दिगंबर, सून म्हातारी झाल्यावर देतोस का अल्बम?" काशीबाई खुर्चीत बसत म्हणाल्या.

"झालाच आहे, मावशी. फक्त पहिलं पान राहिलंय."

"त्याच्यासाठीच आलेय मी. पयल्या पानावर थोरलीचा फोटो पायजे. हिच्या गळ्यात तिच्या नावाचा टाक घातलाय आम्ही, चांदीचा. रोज त्याला हळदकुंकू लावती ही. तसाच अल्बमातबी तिचा मान ऱ्हावा. आशीर्वाद देत्येय अशी बसव तिला, चांगल्या चौकटीत."

पहिली बायको गेलेल्या घरी दुसरीनं तिच्या नावाचा टाक गळ्यात घालायचा, ही रीत आमच्याकडे काही घरांत आहे. गेलेलीचा कोप होऊ नये म्हणून. अरुणावहिनींच्या गळ्यात, मंगळसूत्राच्या खाली, तो चांदीचा चपटा तुकडा मला दिसला. त्यावर बोटभर उंचीची एक बाई कोरलेली होती, दोन्ही हात खाली सोडलेली.

बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं, आणि अरुणावहिनींच्या ब्लाऊजच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. मनगटाला बटण होतं. मी पंखा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी मानेनंच राहू द्या म्हटलं.

मी जुनी फाईल उघडली. झेंडूची माळ, समई, आणि आडून पाहणाऱ्या उज्ज्वलावहिनी. काशीबाईंनी लांबूनच हात जोडले. जवळचं त्यांना दिसत नव्हतं. मग मी एकेक चौकट लावून दाखवू लागलो. वेलबुट्टीची, तोरणाची, मोरपिसांची. काशीबाई दर चौकटीला "ह्याच्याहून भारी दाखव" म्हणत होत्या. अरुणावहिनी चौकटींकडे पाहतच नव्हत्या, फोटोकडे पाहत होत्या.

तेवढ्यात काशीबाईंचा मोबाईल वाजला. "भागवताचा हाय," त्या म्हणाल्या आणि नीट ऐकू यावं म्हणून दारात जाऊन पायरीवर उभ्या राहिल्या, पाठ आमच्याकडे. "व्हय, हितंच हाय. शेजारीच हाय माझ्या. न्हाई, कुणाशी बोलत न्हाई," असं त्यांचं चाललेलं आत ऐकू येत होतं.

अरुणावहिनी खुर्ची न सरकवता पुढं वाकल्या. "भाऊ, ताईंचा हात कुठाय?"

"कुठला हात?"

"हा खांदा वर उचललाय बघा. हात वर हाय त्यांचा. मग गेला कुठं?"

एवढ्या वर्षांत, एवढ्या लोकांनी तो फोटो पाहिला. हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "बॉर्डरखाली आहे."

"दावता का मला?"

मला भीती वाटली, हे कबूल करतो. कशाची ते तेव्हा नेमकं कळलं नव्हतं. मी तो फोटो काढून टाकलाय, असं भागवतराव समजत होते. आणि दारात त्यांची आई त्यांच्याशीच बोलत होती. मी म्हणालो, "कशाला, वहिनी? नुसता हात आहे."

"नुसता हात हाय तर झाकला कशाला?"

प्रत्येक लेयरच्या नावापुढं एक छोटा डोळा असतो. त्यावर क्लिक केलं की तो लेयर दिसेनासा होतो. मी दाराकडे पाहिलं आणि बॉर्डरच्या डोळ्यावर क्लिक केलं.

माळ गेली, समई गेली. उज्ज्वलावहिनी पूर्ण दिसल्या. पदर धरलेला हात, कोपराशी जमलेल्या हिरव्या बांगड्या, आणि ते तीन डाग. मी तीन वर्षांनी ते पाहत होतो, आणि या वेळी नीट पाहिले. ते चुलीचे चटके नव्हते. तिन्ही एकाच मापाचे होते, एकसारख्या अंतरावर, एका बाजूला सपाट आणि दोन कोपरे असलेले. उलथन्याच्या टोकासारखे.

अरुणावहिनींच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्यांनी मनगटाचं बटण काढलं, बाही कोपरापर्यंत सरकवली आणि हात माझ्या टेबलावर, कीबोर्डशेजारी, उताणा ठेवला.

त्यांच्या हातावर दोन होते. तेच माप, तेच अंतर. एक जुना, एक अजून ओला. तिसऱ्याची जागा कोरी होती.

"तिसऱ्यानंतर किती दिवसांनी गेल्या त्या?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

मला त्या क्षणी तो दिवस आठवला होता, उज्ज्वलावहिनी आल्या होत्या तो. आठवत नव्हता असं नाही. मी त्याचा माझ्या सोयीचा अर्थ लावून ठेवला होता. त्या स्टुलावर बसल्या तेव्हा मी म्हणालो होतो, "वहिनी, हात खाली घ्या, चेहरा छान येईल." त्या म्हणाल्या, "न्हाई. हात दिसला पायजे." मला वाटलं, नव्या बांगड्या दाखवायच्या असतील. बायकांची हौस, म्हणून मी गालात हसलोही होतो. मी म्हणालो, "डाग पुसून देतो." त्या म्हणाल्या, "काही पुसू नका. हाय तसा ऱ्हाऊ द्या." मग दोन प्रती सांगितल्या आणि विचारलं, "एक माझ्या भावाला पोस्टानं धाडाल का? मला पोस्टात जायला जमणार न्हाई." मी सांगितलं, आमच्याकडे ती पद्धत नाही, गुरुवारी या आणि घेऊन जा. त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. मग पावतीपुस्तक पुढं ओढून माझ्याजवळ राहणाऱ्या अर्ध्या भागावर भावाचा पत्ता लिहिला आणि म्हणाल्या, "तरी बी असू द्या."

गुरुवारी प्रती तयार होत्या. त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या मंगळवारी त्या विहिरीत सापडल्या.

त्यांनी फोटो काढला होता तो त्या हातासाठी. आणि मी नेमका तोच झाकला होता, फुलांनी, तोल सांभाळून.

"भाऊ," अरुणावहिनी बाही खाली करत म्हणाल्या, "मला फोन देत न्हाईत. माहेरी दोन महिने झालं बोलू दिलं न्हाई. धानोरीला आमची पिठाची गिरणी हाय. निवृत्ती गिरणीवाले म्हणलं की कुणीबी सांगतं."

दारात काशीबाईंची चप्पल वाजली. मी डोळ्यावर क्लिक केलं. माळ परत आली, समई परत आली.

"ठरली का गं चौकट?" काशीबाईंनी विचारलं.

"ही पयलीच चांगली हाय, आत्याबाई," अरुणावहिनी मनगटाचं बटण लावत म्हणाल्या. "ताई हिच्यात शोभतात."

"मग तीच कर रं बाबा. आठ दिवसांत दे."

"चार दिवसांत देतो, मावशी," मी म्हणालो.

त्या दोघी उन्हातून चालत वळणाआड जाईपर्यंत मी उभा होतो. नंतर खुर्चीत बसलो. खरं सांगायचं तर तेव्हाही मी हिशेबी विचार करत होतो. भागवतराव माझं दुकान एका महिन्यात बंद पाडू शकले असते. मी समजा घरी जाऊन जेवलो असतो, तर कुणाला काय कळलं असतं? गेल्या खेपेला मी तेच केलं होतं. शेवटी मला उठवलं ते त्या कोऱ्या जागेनं. ती माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी बिनाबॉर्डरच्या चार प्रती काढल्या, फाईल दोन सीडींवर घेतली, शटर ओढलं आणि मोटारसायकल धानोरीच्या रस्त्याला लावली.

अरुणावहिनींचे वडील निवृत्तीमामा गिरणीतून बाहेर आले ते भुवयांपर्यंत पांढरे होते. मी फोटो पुढं केला. "ही कोण?" त्यांनी मोठ्यानं विचारलं, कारण गिरणी चालू होती.

"भागवतरावांची पहिली बायको. हाताकडं बघा. असेच दोन डाग तुमच्या लेकीच्या हातावर आहेत. मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत, आत्ता, दोन तासांपूर्वी."

ते आत गेले आणि गिरणी बंद केली. दळणं घेऊन बसलेल्या बायका पाहत राहिल्या. बाहेर येताना त्यांनी हात धुतले नव्हते, आणि फोटोवर त्यांच्या बोटांचे पिठाचे ठसे उमटले. ते ठसे असलेली प्रतच पुढं कोर्टात लागली.

संध्याकाळच्या आत एक जीपभर माणसं भागवतरावांच्या वाड्यावर गेली आणि अरुणाला घेऊन आली. भागवतराव दुकानात होते. भांडण झालं नाही, कुणी कुणावर हात उगारला नाही. काशीबाई दारात उभ्या राहून म्हणत होत्या की टाक तेवढा ठेवून जा, तो घरचा आहे. अरुणानं तो गळ्यातून काढला नाही.

पुढं केस झाली. अरुणाच्या हाताबद्दल भागवतरावांना शिक्षा लागली. उज्ज्वलावहिनींबद्दल काही सिद्ध झालं नाही. विहिरीवर शेवाळ होतं, पाय घसरला, असंच कागदावर राहिलं. मी साक्ष दिली. वकिलानं विचारलं, "ही बॉर्डर कुणी लावली?" मी म्हणालो, "मी." माझं दुकान चाललं नाही, ते भागवतरावांमुळे की माझ्यामुळे ते मला सांगता येत नाही. आता मी लातूरला एका प्रेसमध्ये पुस्तकांची पानं लावतो.

पण केस व्हायच्या आधीचं एक सांगायचं राहिलंय. मी ते शेवटी ठेवलं, कारण ते सांगणं मला सगळ्यात जड जातं.

धानोरीहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुनी पावतीपुस्तकं उपसली आणि तो पत्ता काढला. अक्षर स्पष्ट होतं, घाईत लिहिलेलं नव्हतं. उज्ज्वलावहिनींचा भाऊ, सुधाकर, उदगीरला एसटीच्या वर्कशॉपात कामाला होता. दुपारी मी त्याच्या घरी पोचलो. तो जेवून उठला होता. मी कोण ते सांगितलं, तेव्हा त्याला बरं वाटलं.

"म्हणजे तुम्हीच का ते? या, बसा. ताईचा फोटो फार चांगला केलात बघा तुम्ही."

त्यानं भिंतीकडे हात केला. तिथं माझी चौकट होती. डावीकडे झेंडूच्या माळेचा जाड पट्टा, खाली समई, उजवीकडे बारीक सोनेरी रेघ. तेराव्याला वाटलेल्या प्रतींपैकी एक. तिला खऱ्या फुलांचा ताजा हार घातलेला होता.

"रोज घालतो," तो म्हणाला. "तीन वर्षांत एक दिवस चुकला न्हाई. ड्युटीवर असलो तर बायको घालती."

मी पाकिटातून फोटो काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो पाहिला. मग खिडकीपाशी नेऊन पाहिला. मग भिंतीवरची चौकट खाली उतरवली, हार काढला आणि दोन्ही फोटो जमिनीवर शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यासमोर बसला. झेंडूच्या पट्ट्यावर त्यानं बोट ठेवलं, आणि तेच बोट दुसऱ्या फोटोतल्या हातावर नेलं. असं त्यानं दोन-तीनदा केलं.

"हे हिच्यातच होतं?" त्यानं विचारलं. "ह्या फुलांच्या खाली?"

"हो."

"आणि हा काढला कधी?"

"त्या जायच्या आठ दिवस आधी. तुम्हाला पाठवायला सांगितला होता त्यांनी. पत्ता लिहून दिला होता." मी पावतीपुस्तक उघडून दाखवलं.

बहिणीचं अक्षर त्यानं ओळखलं. त्यावरून हात फिरवला. मला वाटलं, हा आता मला मारील, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. तो उठला, बिनाबॉर्डरचा फोटो खिळ्याला लावता येईना म्हणून वरच्या कोपऱ्यात भोक पाडून दोरा ओवला आणि त्याच खिळ्याला अडकवला. फोटो जरा वाकडा बसला. त्यानं तो सरळ केला नाही.

मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "पोस्ट तुमच्या दुकानापासून लांब व्हतं का?"

पोस्ट समोरच होतं, रस्ता ओलांडला की. माझ्या खुर्चीतून त्याची लाल पेटी दिसायची. मी त्याला तसं सांगितलं.